मॅजिकच्या पत्त्यांवर पोट भरायचं तर: हिशेब, सराव आणि स्पर्धेचा दिवस

‘पत्ते कुटणे’ म्हणजे आपल्याकडे रिकामपणाची कमाल. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ मात्र १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचला आणि १९९६ पासून त्याच्या व्यावसायिक स्पर्धांची मालिका, म्हणजे प्रो टूर, सुरू झाली. या खेळात करिअर करायचं डोक्यात असेल तर आधी वही आणि कॅल्क्युलेटर घ्या, डेक (खेळायला बांधलेला पत्त्यांचा जुडगा) नंतर. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि दोन वर्षांनी खिशाला भोक पडल्यावर हिशेबाला बसतात.

शिडी कशी आहे

सध्याची शिडी अशी: दुकानातली पात्रता स्पर्धा, त्यातून रीजनल चॅम्पियनशिप, तिथून प्रो टूर आणि प्रो टूरमधून वर्ल्ड चॅम्पियनशिप. शेजारून आणखी दोन जिने वर जातात. मॅजिक अरीना आणि मॅजिक ऑनलाइन या खेळाच्या दोन संगणकी आवृत्त्यांवर ऑनलाइन पात्रता फेऱ्या होतात आणि तिथूनही प्रो टूरचं आमंत्रण मिळतं. भारतातून खेळणाऱ्याला ऑनलाइन जिना स्वस्त पडतो, पण वेळा अमेरिकेच्या असतात. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे शेवटच्या फेऱ्या मध्यरात्रीनंतर येतात. तेव्हा आठवडाभर आधीपासून झोपेची वेळ सरकवून ठेवायची. रात्री दोन वाजता कॉफी पिऊन खेळलेला सातवा सामना हा खेळ नसतो, धडपड असते.

प्रो टूर तीन दिवसांची असते. पहिल्या दोन दिवसांत मिळून १६ फेऱ्या: रोज तीन ड्राफ्टच्या (तिथल्या तिथे पाकिटं फोडून बांधलेल्या डेकच्या) आणि पाच घरून बांधून आणलेल्या डेकच्या. पहिल्या दिवशी आठपैकी किमान चार जिंकले तरच दुसऱ्या दिवशी बसायला मिळतं. तिसऱ्या दिवशी फक्त पहिले आठ जण खेळतात.

आधी टक्केवारी

या धंद्यात ‘मी चांगला खेळतो’ याला अर्थ नाही. प्रत्येक शंभर सामन्यांत किती जिंकता, हाच आकडा खरा. जगातले उत्तम खेळाडूसुद्धा प्रो टूरमध्ये ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे दर पाचात दोन सामने तेही हरतात.

आता दुकानातली ३२ जणांची पात्रता स्पर्धा घ्या. पाच स्विस फेऱ्या (कोणी बाद होत नाही, साधारण सारख्या गुणांचे एकमेकांशी खेळतात), मग पहिल्या आठांची बाद फेरी, आणि एकच जागा. अगदी बरोबरीचा, ५० टक्क्यांचा खेळाडू ३२ स्पर्धांत एकदा जिंकणार. ६० टक्क्यांचा खेळाडू साधारण ११-१२ स्पर्धांत एकदा. म्हणजे इतरांपेक्षा ठळकपणे सरस असूनही लागोपाठ दहा वेळा रिकाम्या हाताने घरी येणं हे नेहमीचं आहे, त्यात नशिबाला बोल लावण्यासारखं काही नाही. प्रवास, प्रवेश फी, जेवण यांचा खर्च धरून दहा-बारा स्पर्धा झेपणार नसतील तर या वाटेला लागूच नका, आधी अरीनावर सराव करा.

वरच्या पायरीवर टक्केवारीचा फरक आणखी बोचतो. प्रो टूरमध्ये १६ पैकी १० सामने जिंकले की पुढच्या प्रो टूरचं आमंत्रण, अशी २०२३ पासूनची रीत. तिथल्या गर्दीत ५० टक्के जिंकणाऱ्याला ही मजल मारायची शक्यता २३ टक्के, ५५ टक्केवाल्याला ३७, ६० टक्केवाल्याला ५३. पन्नासचे साठ होण्यात शक्यता दुपटीच्या वर जाते. म्हणून सरावाचं सगळं तंत्र एकेक टक्का खेचून आणण्याचं आहे.

पगार नाही, हे धरून चाला

पूर्वी चित्र वेगळं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने मॅजिक प्रो लीग जाहीर केली आणि २०१९ साली ३२ खेळाडूंना प्रत्येकी ७५,००० डॉलरचे करार दिले. २०२१ मध्ये कंपनीने लीगचा गाशा गुंडाळायचं जाहीर केलं आणि फक्त खेळून पगार घ्यायचा मार्ग बंद झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियाला प्रो टूर परत आली. ती रीड ड्यूकने जिंकली. बक्षिसांची एकूण रक्कम ५ लाख डॉलर आणि पहिलं बक्षीस ५०,००० डॉलर. त्या वर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला एकूण १० लाख डॉलर होते, विजेत्याला १ लाख.

हे आकडे भुरळ घालतात, पण ते वरच्या चार-दोन जणांचे आहेत. शिडी कंपनीच्या मालकीची आहे आणि ती कधीही पायऱ्या बदलते, हे २०२१ ने दाखवून दिलं. त्यामुळे बक्षिसाची रक्कम घरखर्चात कधीच धरायची नाही. ज्यांचं बस्तान टिकलं त्यांची मुख्य मिळकत बहुधा खेळाच्या आजूबाजूची असते: व्हिडिओ, थेट प्रक्षेपण, सभासदांसाठी लेख, तासावर शिकवणी, पत्त्यांची खरेदी-विक्री. लुइस स्कॉट-वर्गास किंवा पाउलो व्हितोर दामो दा रोझा हे हॉल ऑफ फेमचे खेळाडू, त्यांनीही वर्षानुवर्षं लेखन-व्हिडिओचं काम केलं आहे. जॉन फिंकेलसारखा दिग्गज वित्तक्षेत्रात नोकरी-धंदा करून खेळत राहिला. नोकरी असताना वर्षाला दोन-तीन मोठ्या स्पर्धा खेळणं हा कमीपणा नाही. उलट डोकं शांत राहतं, कारण हातातल्या डावावर भाडं अवलंबून नसतं.

मराठीत किंवा हिंदीत या खेळावर शिकवणारे व्हिडिओ फार थोडे आहेत. ही जागा मोकळी आहे, पण श्रोतेही थोडे आहेत. सुरुवातीला त्यातून पैसे येतील अशी अपेक्षा ठेवू नका.

डेक: लँडचं गणित

लँड म्हणजे बाकीची पानं खेळायची शक्ती पुरवणारी पानं. डेकमध्ये किमान ६० पानं, मूळ लँड सोडून कोणतंही पान चारच्या वर नाही, आणि साइडबोर्ड, म्हणजे डावांच्या मध्ये अदलाबदलीला ठेवलेली राखीव पानं, १५ पर्यंत. साठाच्या वर एकही पान घालू नका. प्रत्येक जादा पान म्हणजे तुमच्या उत्तम पानापासून एक पाऊल लांब. चार प्रती असलेलं पान पहिल्या सात पानांत यायची शक्यता ४० टक्के असते, ती आणखी पातळ कशाला करायची?

२४ लँडचा डेक घेतला तर सात पानांत सरासरी २.८ लँड येतात. दोन, तीन किंवा चार लँड असलेला, म्हणजे खेळण्याजोगा हात ७७ टक्के वेळा येतो. उरलेल्या २३ टक्क्यांत एक तर लँडचा दुष्काळ किंवा पूर. एक लँडचा हात तर १२ टक्के वेळा येतो, म्हणजे आठ डावांत एकदा. नवखे खेळाडू सर्वात जास्त सामने इथेच घालवतात. ‘पुढचं पान लँड येईल’ म्हणत तो हात ठेवतात. मुलिगन म्हणजे नकोसा हात परत करून नवा घेणं. २०१९ पासून लंडन मुलिगनचा नियम आहे: पुन्हा सात पानं उचलायची आणि जितक्यांदा मुलिगन केलं तितकी पानं तळाशी सरकवायची. सहा पानं स्वतः निवडून मिळत असताना एक लँडचा हात कवटाळून बसणं परवडत नाही.

पानांना रंग असतात आणि त्या त्या रंगाची लँड असल्याशिवाय ती खेळता येत नाहीत. त्यामुळे दोन-तीन रंगांच्या डेकमध्ये नुसती लँडची संख्या मोजून भागत नाही, कोणत्या रंगाची किती हे मोजावं लागतं. फ्रँक कार्स्टेन या डच गणिती-खेळाडूने याचे तक्ते करून ठेवले आहेत आणि सगळं जग ते वापरतं. साठ पानांच्या डेकमध्ये पहिल्याच टर्नला (पाळीला) किमतीत एका रंगाचं एक चिन्ह असलेलं पान भरवशाने खेळायचं तर त्या रंगाच्या १४ लँड हव्यात. दुसऱ्या टर्नला एकाच रंगाची दोन चिन्हं लागत असतील तर २०-२१. दोन वेगवेगळ्या रंगांत ही मागणी ठेवलीत तर बेरीज जुळतच नाही. मग डावात अडकल्यावर दोष पिसण्याला दिला जातो.

सराव: दहा डावांवर विश्वास ठेवू नका

एखाद्या डेकविरुद्ध दहापैकी सात जिंकले की लोक ‘हा सामना आपल्या बाजूचा’ असं लिहून मोकळे होतात. पण अगदी बरोबरीच्या लढतीतही दहापैकी सात किंवा जास्त जिंकायची शक्यता १७ टक्के असते. शंभर डाव खेळल्यावरही आकडा दहा टक्के इकडेतिकडे असू शकतो. म्हणून नुसते निकाल मोजू नका, कारणं लिहा. एका तक्त्यात इतके रकाने पुरतात: तारीख, माझा डेक, समोरचा डेक, आधी कोण खेळलं, मुलिगन किती, निकाल, आणि हरलो तर एका ओळीत का. तीस डावांनी शेवटचा रकाना वाचला की रोग दिसतो: ‘तिसरी लँड नाही’ नऊ वेळा असेल तर डेक चुकला आहे, ‘घाईत हल्ला केला’ नऊ वेळा असेल तर तुम्ही चुकता आहात.

सामना तीनपैकी दोन डावांचा असतो. साइडबोर्ड पहिल्या डावानंतर वापरता येतो, म्हणजे प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त डाव साइडबोर्डसकट खेळले जातात. तरी घरी सराव मात्र सगळे पहिल्या डावाचाच करतात, कारण तो सोयीचा. सरावातले निदान निम्मे डाव साइडबोर्ड करून खेळा, दोन्ही बाजूंनी.

साइडबोर्डची चिठ्ठी आधीच तयार करा. प्रत्येक प्रतिस्पर्धी डेकसाठी काय आत, काय बाहेर. इथे ठरलेली चूक अशी की आत आणायला सात पानं सापडतात आणि बाहेर काढायला पाचच. त्यामुळे उलटीकडून सुरुवात करा: आधी त्या डेकविरुद्ध निकामी पानं काढा, ती जितकी निघतील तितकीच जागा आहे. अशी लहान चिठ्ठी दोन डावांच्या मध्ये बघायला नियम परवानगी देतो. डाव चालू असताना नाही.

ड्राफ्टला विसरू नका. १६ पैकी सहा फेऱ्या ड्राफ्टच्या, म्हणजे सरावाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वेळ त्याचा. आठ जणांच्या टेबलावर पाकिटं फोडून, एकेक पान निवडत पुढे सरकवत ४० पानांचा डेक बांधायचा, त्यात साधारण १७ लँड. नव्या पानांचा संच बाजारात आल्यापासून प्रो टूरपर्यंत हाताशी थोडेच आठवडे असतात आणि एकट्याने ते होत नाही. सहा-आठ जणांचा गट धरा, ज्यातला निदान एक जण तुमच्या लाडक्या डेकला तोंडावर वाईट म्हणू शकेल.

घड्याळ लावून खेळा. फेरीला ५० मिनिटं, तीन डाव, म्हणजे डावाला सोळा-सतरा मिनिटं. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. वेळ संपून झालेली बरोबरी जवळपास हारच. मॅजिक ऑनलाइनवर बुद्धिबळासारखं घड्याळ असतं, दोघांना प्रत्येकी २५ मिनिटं. संथ खेळणाऱ्याला यापेक्षा चांगला मास्तर नाही.

स्लीव्ह आणि पावसाळा

मॅजिकचं पान ६३ बाय ८८ मिलिमीटरचं. स्लीव्ह म्हणजे त्यावर चढवायचं प्लॅस्टिकचं वेष्टण. स्लीव्हचं शंभराचं पाकीट घ्या: ६० अधिक १५ म्हणजे ७५ लागतात, २५ शिल्लक राहतात. सगळ्या एकाच पाकिटातल्या हव्यात, साइडबोर्डच्यासुद्धा. दोन पाकिटांच्या रंगात उन्नीस-बीस फरक असतो आणि तो जजच्या (पंचाच्या) नजरेला दिसतो. भरण्याआधी पानं नीट पिसून घ्या. तसं न करता लँड एकीकडे आणि बाकी पानं एकीकडे भरली, तर पाकिटातल्या एखाद्या थराचा दोष नेमका लँडच्याच वाट्याला जातो आणि डेक ‘खुणा केलेला’, म्हणजे पाठीवरून पान ओळखता येणारा, ठरतो, तुमच्या मनात काही नसताना.

भरल्यावर डेक टेबलावर उभा धरा आणि चारही कडा डोळ्यांच्या रेषेत आणून बघा. एखादं पान किंचित वर आलेलं, कोपरा दुमडलेला, कड पांढुरकी झालेली दिसली की ती स्लीव्ह बदला. मोठ्या स्पर्धेत चार-पाच फेऱ्यांनंतर हे पुन्हा करा. २०१९ मध्ये लंडनच्या मोठ्या स्पर्धेत एका नामांकित माजी विश्वविजेत्याला खुणा असलेल्या स्लीव्हवरून बाहेर काढण्यात आलं होतं. तिथे नाव बघून सूट मिळत नाही.

चमकणारी फॉइल पानं मुंबई-कोकणाच्या हवेत धनुष्यासारखी वाकतात. कारण सोपं आहे: कागदाचा थर दमट हवा शोषून फुगतो, वरची प्लॅस्टिकची चकाकी फुगत नाही. वाकलेलं पान डेकमध्ये पालथं ठेवलं तरी ओळखू येतं, म्हणजे तीही खूणच. जूनपासून पुढे डेकच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. स्पर्धेच्या डेकमध्ये तर साधंच पान घाला, ते स्वस्तही पडतं.

नकली पानं बाजारात भरपूर. ओळखायची एक खात्रीची जागा म्हणजे पानाची पाठ: तिथल्या हिरव्या ठिपक्यात तीसपट-साठपट भिंगाखाली चार लाल ठिपके इंग्रजी एल अक्षरासारखे दिसतात. नकली पानांत ते बहुधा नसतात किंवा फिसकटलेले असतात. घरच्या सरावाला छापील कागद चालतो, स्पर्धेत नाही.

स्पर्धेचा दिवस

डेकची यादी आदल्या रात्री भरा आणि समोर पानं मांडून एकेक जुळवा. यादीतल्या चुकीला एक डाव गमवावा लागतो, उदाहरणार्थ साइडबोर्डची पंधरा पानं असून चौदाच लिहिली तर. उशिराचीही शिक्षा ठरलेली: फेरी सुरू झाल्यावर आलात तर एक डाव गेला, दहा मिनिटं उलटली तर अख्खा सामना.

प्रत्येक फेरीआधी टेबलावर बसल्यावर साइडबोर्ड मोजा. पंधरा पानं, आणि तीच पंधरा. मागच्या सामन्यात आत घेतलेली पानं बाहेर काढायची राहून जाणं हा दमलेल्या माणसाचा हमखास अपघात आहे, आणि तो सहाव्या-सातव्या फेरीतच होतो.

आयुष्याचे आकडे (प्रत्येकाच्या उरलेल्या आयुष्याचे गुण) वहीत पेनने लिहा. २० वरून १७, १७ वरून १४, प्रत्येक बदल खाली खाली. आकडा फाशावर ठेवला तर फासा कोपराने ढकलला जातो. पुढे वाद झालाच तर जज दोघांच्या नोंदी बघतो, आणि ज्याच्याकडे ओळींची साखळी आहे त्याचं म्हणणं वजनदार ठरतं. शंका आली की लगेच हात वर करून जजला बोलवा. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही. त्यात आरोप नसतो, आणि त्या वेळेची भरपाई फेरीत मिळते.

आठ फेऱ्या म्हणजे नऊ-दहा तास हॉलमध्ये. पाण्याची बाटली, केळी, चणे-शेंगदाणे जवळ ठेवा. बाकरवडी घरी खा. तेलकट बोटांचे ठसे स्लीव्हवर उमटले की पुन्हा तोच खुणांचा प्रश्न.

शेवटच्या फेरीत जिभेवर ताबा हवा. दोघंही पहिल्या आठांत बसत असतील तर ठरवून बरोबरी करायला परवानगी आहे. एखाद्याने आपण होऊन सामना सोडणंही चालतं. पण ‘तू सोड, बक्षिसातलं अर्धं तुला’ हे वाक्य तोंडातून निघालं की ती लाच ठरते, मग गंमतीत म्हटलं असलं तरी. सामना जातो, आणि नियम माहीत असून बोललात तर स्पर्धेतूनच हाकलतात. फासा टाकून विजेता ठरवणंही तसंच. काही विचारायचं असेल तर टेबलावर काहीही बोलण्याआधी जजला बाजूला घेऊन विचारा, ‘मला असं म्हणता येईल का?’ गुणतक्ताही स्वतः वाचा. सारखे गुण असलेल्यांत आधी बघतात ते तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची विजयाची टक्केवारी. पहिल्या फेरीत हरलेल्याचे पुढचे प्रतिस्पर्धी सहसा दुबळे निघतात, त्यामुळे त्याची ही टक्केवारी कमी भरते. त्याने बरोबरीचा जुगार खेळू नये.

पानांचा साठा, व्हिसा, कर

पानं ही गुंतवणूक समजू नका, कच्चा माल समजा. स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडच्या संचांनी खेळायच्या, प्रकारातून संच बाहेर पडायच्या बऱ्याच आधी त्याची किंमत उतरायला लागते, आणि बंदी जाहीर झालेलं पान एका रात्रीत पडतं. स्पर्धा झाली आणि तो डेक पुन्हा लागणार नसेल तर त्याच आठवड्यात विका. परदेशातून मागवलेल्या पानांवर सीमाशुल्क आणि कुरिअरचा हिशेब आधी करा. कधी कधी गटातल्या मित्राकडून उसनी घेणं हाच शहाणपणा.

अमेरिकेत फक्त बक्षिसासाठी स्पर्धा खेळायला बी-१ व्हिसा चालतो, पण मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागू शकतात. आमंत्रण हातात आल्यावर अर्ज केला तर स्पर्धा निघून जाते. रीजनल चॅम्पियनशिपची पात्रता मिळाली की त्याच आठवड्यात अर्ज भरा.

अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारणपणे ३० टक्के कर जागेवरच कापतात. कापल्याचा कागद मागून घ्या, भारतात त्याचं क्रेडिट मागता येतं. इकडे एक गोम आहे: आपल्या आयकर कायद्यात लॉटरी, घोड्यांच्या शर्यती यांच्या ओळीतच पत्त्यांच्या खेळातली जिंकलेली रक्कम येते. तिच्यावर सरसकट ३० टक्के कर, वर सेस, आणि खर्चाची वजावट नाही. तुमचं उत्पन्न त्या खान्यात जातं की व्यवसायाच्या, यावर विमान-हॉटेलचा खर्च वजा होणार की नाही हे ठरतं. तेव्हा सीएला पहिलं तिकीट काढण्याआधी भेटा, आणि प्रवेश फीच्या पावतीपासून टॅक्सीच्या बिलापर्यंत सगळं एका पाकिटात घालून न्या.